भिंतीवर अंमल कुणाचा?

महसुली दप्तरात फेरफाराची नोंद कायम होण्यापूर्वी तलाठ्याने तिची एक प्रत चावडीत ठळक जागी लावावी, हितसंबंधी लोकांस कळवावे आणि कुणाची हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत उतरवून घ्यावी, असा दंडक महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० मध्ये घालून दिलेला आहे. कलमाची भाषा रूक्ष आहे. परंतु सार्वजनिक फलकाचे तीन धर्म तीत अनायासे सांगून झाले आहेत. जे झळकवायचे ते सर्वांस सारखे दिसावे हा पहिला, पाहणाऱ्यास प्रत्युत्तराचा अधिकार असावा हा दुसरा, आणि त्याने दिलेले प्रत्युत्तर उघड राहावे हा तिसरा. आधुनिक महानगरांनी आपल्या चौकांत विजेचे जे प्रचंड फलक उभारले त्यांनी यांपैकी पहिला धर्म तेवढा उचलला आणि उरलेल्या दोहोंना रजा दिली. पुढे ते दोन्ही धर्म फलकाला परत मिळाले ते टेलिफोनच्या कृपेने. आणि त्याच टेलिफोनला कॅमेऱ्याचा डोळा लाभला तेव्हा पहिल्याच धर्मावर गदा आली. या उलाढालीला अजून शंभर वर्षेही पुरी झालेली नाहीत, पण तिचा वृत्तान्त क्रमाने सांगण्यासारखा आहे.

न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकातील टाइम्स टॉवर या इमारतीला ६ नोव्हेंबर १९२८ रोजी दिव्यांचा एक पट्टा वेढण्यात आला. त्याची लांबी ३८० फूट होती, त्यात १४,८०० दिवे होते आणि त्यांवरून बातमीची अक्षरे एका कोपऱ्यातून उगवून दुसऱ्या कोपऱ्याआड मावळत. आतल्या खोलीत मजकुराची अक्षरे चौकटीत जुळवून साखळीवरून सरकवीत, आणि अक्षराचा ज्या ज्या विद्युत्स्पर्शाशी संयोग होई तेवढे दिवे बाहेर पेटत. त्या रात्री अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल लागायचा होता. हर्बर्ट हूवर निवडून आल्याची वार्ता खाली उभ्या असलेल्या समुदायाने मान वर करून वाचली, आणि १४ ऑगस्ट १९४५ रोजी जपानच्या शरणागतीची वार्ताही न्यूयॉर्ककरांनी तशीच वाचली. लाखोंच्या गर्दीला एकाच क्षणी एकच वाक्य वाचायला लावण्याचे हे सामर्थ्य अपूर्व होते, यात संशय नाही. पण वाचणाऱ्याने त्यावर जयघोष करावा किंवा हळहळावे, यापलीकडे त्याला काही करता येण्यासारखे नव्हते. फलकावर अंमल होता तो इमारतीच्या मालकाचा, आणि पुढे त्याच्याकडून जागा भाड्याने घेणाऱ्या जाहिरातदारांचा. प्रेक्षकाकडे केवळ डोळे होते.

प्रेक्षकाला वाचा देण्याचा एक संस्मरणीय प्रयोग १९८० च्या नोव्हेंबरमध्ये झाला. किट गॅलोवे आणि शेरी रॅबिनोविट्झ या कलावंत जोडप्याने न्यूयॉर्कमधील लिंकन सेंटर आणि लॉस एंजलिसमधील एका मोठ्या दुकानाची दर्शनी खिडकी या दोन जागा उपग्रहाच्या साह्याने तीन संध्याकाळी जोडून दिल्या. एका शहराच्या पदपथावरून जाणाऱ्याला दुसऱ्या शहराच्या पदपथावरील माणसे पुरुषभर उंचीची, चालती-बोलती दिसत आणि त्यांच्याशी बोलताही येई. प्रयोगाची आगाऊ जाहिरात नव्हती, जागेवर पाटी नव्हती आणि आपली स्वतःची छबी आपल्याला दिसण्याची सोयही मुद्दामच ठेवलेली नव्हती. पहिल्या संध्याकाळी लोक अडखळले आणि चकित झाले. पण पुढच्या संध्याकाळपर्यंत बातमी तोंडोतोंडी पसरली, आणि शेवटच्या दिवशी वर्षानुवर्षे एकमेकांना न भेटलेले आप्त, ट्रंक कॉल करून वेळ ठरवून, आपापल्या किनाऱ्यावरच्या त्या खिडकीपुढे येऊन उभे राहिले. ‘होल इन स्पेस’ या नावाच्या त्या प्रयोगात टेलिफोनचे काम संकेत ठरविण्यापुरतेच होते. सार्वजनिक पडद्याच्या इतिहासात त्याचे पाऊल पडले ते असे मागच्या दाराने, आणि भिंतीवर त्याची हुकूमत चालू लागायला आणखी वीसएक वर्षे जावी लागली.

ती हुकूमत पहिल्यांदा ठसठशीतपणे दिसली बर्लिनमध्ये. अलेक्झांडरप्लाट्झ या चौकाच्या कडेला पूर्व जर्मनीच्या राजवटीत, १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, हेर्मान हेन्सेलमान या वास्तुविशारदाने शिक्षकांसाठी एक उंच इमारत उभारली होती. तिच्या मध्यभागाभोवती वाल्टर वोमाका याचे कुट्टिमचित्र आजही आहे. राजवट गेली, इमारत ओस पडली. केऑस कॉम्प्युटर क्लब या जर्मन संगणकवेत्त्यांच्या मंडळाला २००१ च्या सप्टेंबरमध्ये वीस वर्षे पुरी होत होती. मंडळाच्या स्वयंसेवकांनी तो प्रसंग साधून या रिकाम्या इमारतीच्या वरच्या आठ मजल्यांतील, प्रत्येक मजल्यावर अठरा याप्रमाणे १४४ खिडक्यांच्या काचा आतून पांढऱ्या रंगाने माखल्या, प्रत्येक खिडकीमागे बांधकामावर वापरतात तसला एक दिवा ठेवला आणि सगळे दिवे तारांनी एका संगणकाला जोडले. १२ सप्टेंबर २००१ पासून २३ फेब्रुवारी २००२ पर्यंत, रात्र पडली की ती इमारत चौकातल्या कुणाच्याही आज्ञेत वागत असे. ‘ब्लिंकेनलाइट्स’ हे त्या योजनेचे नाव.

आज्ञा देण्याची रीत अगदी साधी होती, आणि थोडे थांबून न्याहाळण्यासारखी होती. खिशातला साधा मोबाइल काढायचा, ठरलेला क्रमांक फिरवायचा, पलीकडे संगणकाने फोन उचलला की समोरच्या भिंतीवर ‘पाँग’ नावाचा जुना चेंडूफळीचा खेळ सुरू व्हायचा. फोनवरची एक कळ दाबली की भिंतीवरची फळी एक खिडकी वर चढे, दुसरी दाबली की एक खिडकी खाली उतरे. खेळणारा एकटा असला तर प्रतिपक्ष संगणकाचा; इतक्यात दुसऱ्या कुणी फोन लावला की समोरची फळी त्या अनोळखी माणसाच्या ताब्यात जाई, आणि तो गर्दीत डावीकडे उभा आहे की उजवीकडे हे पहिल्याला ठाऊक नसे. खेळाखेरीज लोक घरच्या संगणकावर छोटी हलती चित्रे रेखून मंडळाकडे पाठवीत आणि बदल्यात एक सांकेतिक क्रमांक मिळवीत. मग आपल्या माणसाला चौकात आणून, फोनवर तो क्रमांक दाबून, इमारतीच्या आठ मजल्यांवर त्याच्यासाठी एक बदाम धडधडता दाखवीत. दिवा एक तर पेटलेला किंवा विझलेला, मधली छटा नाही. आणि खिडक्या अवघ्या १४४. इतक्या तुटपुंज्या भांडवलावर चावडीच्या कलमातले तिन्ही धर्म पाळले गेले होते: चित्र सर्वांना एकच दिसत होते, पाहणाऱ्यास भिंतीवर काही करता येत होते, आणि त्याने जे केले ते त्याच क्षणी साऱ्या चौकासमोर उघड होत होते.

या मंडळींनी पुढच्या वर्षी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या एका मनोऱ्यावर रुंदीत २० आणि उंचीत २६ अशा ५२० खिडक्यांचा मोठा पडदा उभारला, त्यावर काळ्यापांढऱ्याच्या मधल्या छटाही आणल्या, आणि २००८ मध्ये टोरांटो नगरभवनाच्या दोन वक्र मनोऱ्यांच्या ९६० खिडक्या उजळल्या. संख्या वाढली, कौशल्य वाढले; परंतु मूळ कल्पनेत जे मर्म होते ते बर्लिनमध्येच पुरते प्रकट झालेले होते.

ते मर्म ओळखायचे तर हॅरी ब्रिग्नल आणि इव्हॉन रॉजर्स यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासाकडे वळावे लागते. समारंभासाठी जमलेल्या लोकांपुढे त्यांनी एक मोठा पडदा लावला आणि त्यावर ज्याला आपले मत लिहायचे असेल त्याच्यासाठी शेजारी एक संगणक ठेवला. लोक पडद्याकडे दुरून पाहत, मग जवळ रेंगाळत. पण कळफलकास हात लावायला धजावत नसत, कारण चारचौघांत आपली फजिती होईल ही धास्ती त्यांच्या मनात असे. कुणी एकाने धीर केला की मात्र त्याच्याभोवती घोळका जमे, आणि मधाने माश्या ओढल्या जाव्यात तसा तो घोळका आणखी माणसे ओढून आणी. संशोधकांनी अडथळा ओळखला तो यंत्राच्या अवघडपणात नव्हता, तो भिडेत होता. बर्लिनच्या फोनने ही भीड नकळत मोडून काढली होती. भिंत सर्वांच्या समोर, पण तिला हलविणारा हात कोटाच्या खिशाच्या आडोशाला. खेळात हार झाली तर ती कुणाची हे कुणाला कळायचे कारण नाही. कृती उघड आणि कर्ता गोषात, हा योग साधणारे साधन प्रत्येकाच्या खिशात आधीपासूनच होते.

तथापि कळा दाबून फळी वर-खाली करता आली तरी पडद्यावरच्या एखाद्या विवक्षित वस्तूकडे बोट दाखवून ‘ही’ म्हणता येत नव्हते. ती उणीव कॅमेऱ्याने भरून काढली, आणि त्या युक्तीचे बीज बरेच आधी पेरले गेले होते. टोरांटो विद्यापीठात जॉर्ज फिट्झमॉरिस याने १९९३ च्या सुमारास तळहाती धरायच्या छोट्या पडद्याचा एक नमुना तयार केला होता. भिंतीवरच्या नकाशासमोर तो ज्या जागी धरावा त्या जागेची माहिती त्यात उमटे. दोन वर्षांनी टोकियोत सोनीच्या प्रयोगशाळेत जुन रेकिमोतो याने कॅमेरा जोडलेल्या हातपडद्यातून रंगीत पट्ट्यांच्या खुणा ओळखून त्यांवर मजकूर चढवून दाखविला. खऱ्या दृश्यावर संगणकाचे चित्र चढविण्याच्या या विद्येला ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी म्हणतात. डेन्सो या जपानी कंपनीत मासाहिरो हारा याने मोटारींच्या सुट्या भागांची मोजदाद राखण्यासाठी चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड काढला तो १९९४ मध्ये. आज आपल्याकडे चहाच्या टपरीपासून देवळाच्या दानपेटीपर्यंत जो चौकोन चिकटलेला दिसतो तो हाच. यंत्राला वाचता येईल अशी खूण भिंतीवर ठेवायची आणि हातातल्या कॅमेऱ्याने ती वाचायची, ही युक्ती अशी दोन ठिकाणी निरनिराळ्या गरजेपोटी सिद्ध होऊन बसली होती.

तिचा सार्वजनिक पडद्याशी नेमका सांधा राफाएल बालागास, मिखाएल रोस आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ मध्ये जुळविला. त्यांच्या हाती नोकिया ६६०० हा त्या काळचा फोन होता. तो लांबून मोठ्या पडद्याकडे रोखायचा, फोनच्या काचेवरील फुलीखाली हवी ती वस्तू आणायची आणि कळ दाबायची. दाबताक्षणी मोठ्या पडद्यावर चौकोनी खुणांची जाळी क्षणभर झळकून नाहीशी होई, आणि त्या क्षणात टिपलेल्या छायाचित्रावरून फोनचा रोख नेमका कुठे होता याचा हिशेब यंत्र मांडी. दुसऱ्या रीतीत फोन पडद्याकडे रोखण्याचीही गरज नसे. तो हवेत डावी-उजवीकडे फिरविला की कॅमेऱ्यातून सरकणाऱ्या दृश्यावरून त्याची चाल ओळखून पडद्यावरील बाण तसाच सरके. या दुसऱ्या रीतीत चालीचा हिशेब मांडायला फोनला क्षणाचा एक बारीकसा अंश लागे आणि तेवढा बाण हाताच्या मागे रेंगाळे. परंतु खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या अपरिचितांना पडद्याला स्पर्श न करता त्यावर बोट ठेवण्याचा हक्क त्या प्रयोगाने मिळवून दिला होता.

पुढचे पाऊल म्युनिक आणि पॉट्सडॅम येथील संशोधकांनी २०१० मध्ये टाकले. सेबास्टियन बोरिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या ‘टच प्रोजेक्टर’ या योजनेत आयफोन पडद्याकडे रोखला की फोनवर त्या पडद्याचे चालू चित्र दिसे, आणि त्या चित्रावर बोट ठेवून सरकविले की खऱ्या पडद्यावरची वस्तू सरके. लांबून धरलेला हात थोडा कापतो आणि दूरच्या पडद्यावर तो कंप दसपट होतो, म्हणून चित्र मोठे करण्याची आणि घटकाभर गोठवून ठेवण्याचीही सोय त्यांनी केली. मग हीच विद्या त्यांनी ऑस्ट्रियातील लिंझ येथे, डॅन्यूबकाठच्या आर्स इलेक्ट्रॉनिका सेंटरच्या रंगीत दिव्यांनी मढलेल्या काचेरी दर्शनी भागावर आजमावून पाहिली. तिथे एकाच वेळी अनेक फोन एकाच इमारतीला रंगवू लागल्यावर जो प्रश्न उभा राहिला तो यंत्रशास्त्राचा कमी आणि पंचायतीचा अधिक होता: एकाने रंगविलेले तावदान दुसऱ्याने पुसले तर दाद कुणाकडे मागायची? पाळी लावावी, वाटणी करावी, की सर्वांना एकत्र सोडावे? बर्लिनमध्ये फोनच्या ओळीनेच ही पाळी सांभाळली होती. लिंझमध्ये प्रत्येकाच्या हाती एकाच भिंतीचा समाईक ताबा आला होता, आणि समाईकीचे तंटे मागोमाग आले.

याच सुमारास, या तंट्यातून सुटण्याची एक निराळीच वाट काहींना दिसली, आणि माझ्या मते इतिहासाचे वळण ते हेच. फोनमध्ये दृश्यावर हवे ते चित्र चढविता येते तर मग भिंतीच्या मालकाला विचारायचे तरी कशाला? ऑक्टोबर २०१० मध्ये सँडर फेनहोफ आणि मार्क स्क्वॅरेक यांनी न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात, संग्रहालयाची परवानगी न घेता, एक अख्खे प्रदर्शन भरविले. कलाकृती फक्त फोनमधून दिसत, आणि सहा मजल्यांच्या त्या वास्तूला त्यांनी एक अदृश्य सातवा मजलाही चढविला. पुढच्याच वर्षी टाइम्स चौकातल्या जाहिरात-फलकांवर फोन रोखला की जाहिरातीच्या जागी चित्रकारांच्या कृती दिसाव्यात अशी व्यवस्था जॉर्डन सायलर आणि बी. सी. बिअरमन यांच्या पुढाकाराने झाली. यातली मौज अशी की निराळी खूण चिकटविण्याची त्यांना गरजच नव्हती. यंत्राने ओळखायची खूण म्हणजे खुद्द ती जाहिरातच, आणि जाहिरात जितकी भडक, जितकी इतरांहून उठून दिसणारी, तितकी ती यंत्राला ओळखायला सोपी, म्हणजेच पुसून टाकायलाही सोपी. ज्या चौकात १९२८ मध्ये प्रेक्षकाला डोळ्यांखेरीज काही नव्हते त्या चौकात तो आता मालकाची सनद मनाने रद्द करू शकत होता.

पण या विजयाची किंमत ताबडतोब वसूल झाली. कलावंताचे चित्र दिसे ते फोन रोखणाऱ्याच्याच हातातल्या काचेत; शेजारी उभा असलेला माणूस अद्याप जाहिरातच पाहत होता. भिंतीवर अंमल मिळाला तो भिंत आपल्यापुरती वेगळी करून.

२०१६ च्या जुलैमध्ये पोकेमॉन गो हा खेळ निघाला आणि ही गोष्ट कलावंतांच्या वर्तुळातून कोर्टकचेऱ्यांत गेली. फोनमधून दिसणाऱ्या प्राण्यांच्या मागे लोकांचे लोंढे उद्यानांत, स्मशानांत, स्मारकांत शिरले. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मारक संग्रहालयाने आपले आवार खेळातून वगळावे असे सांगितले, आणि आपल्याकडे प्रार्थनास्थळांत खेळातली अंडी दिसतात अशा तक्रारीची जनहित याचिका गुजरात उच्च न्यायालयापुढे आली. अमेरिकेतील मिलवॉकी परगण्याने २०१७ मध्ये ठराव केला की उद्यानांत असले खेळ मांडणाऱ्या कंपनीने आधी परवाना काढावा, विमा उतरवावा, कचऱ्याची आणि बंदोबस्ताची तजवीज दाखवावी. कॅंडी लॅब या कंपनीने त्याविरुद्ध फिर्याद केली, आणि जुलैमध्ये केंद्रीय न्यायालयाने भाषणस्वातंत्र्याचा आधार घेऊन त्या ठरावाच्या अंमलबजावणीस मनाई केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये स्नॅपचॅटने जेफ कून्स याचे फुग्याच्या कुत्र्याचे शिल्प फोनमधून सेंट्रल पार्कात उभे केले, तेव्हा सेबास्टियन एराझुरिझ या कलावंताने त्याच जागी तेच शिल्प वेडीवाकडी रेखाटने भरलेल्या अवतारात दाखवून निषेध केला; सार्वजनिक जागेवरची ही अदृश्य मक्तेदारी कंपन्यांना कुणी बहाल केली, असा त्याचा रोकडा सवाल होता.

हे सारे वाद जागेचा मालक आणि तिचा वापर करणारा यांच्यामध्ये चालले, आणि निकालही त्या दोघांपुरतेच झाले. शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्याचा त्यात विचार नाही. नव्या साधनाचे उपकारही मान्य केले पाहिजेत: एकाच स्थानकावरचे एकच वेळापत्रक एकाला मराठीत, दुसऱ्याला तमिळमध्ये आणि दृष्टी अधू असलेल्या तिसऱ्याला मोठ्या अक्षरांत दिसू शकते, आणि असा भेद करणारा फलक कुणाचा हक्क हिरावून घेत नाही, कारण गाडीची वेळ तिघांना तीच कळते. आक्षेप आहे तो जिथे वस्तुस्थितीच प्रत्येकाला निराळी दाखविली जाते, आणि आपल्या शेजाऱ्याला काय दाखविले गेले हे कळायला मार्ग उरत नाही, अशा व्यवस्थेवर. टाइम्स टॉवरच्या दिव्यांवर लोकांना प्रत्युत्तर करता येत नव्हते हे खरे. पण तिथे खोटी बातमी झळकली असती तर ती सर्वांना एकच दिसली असती, आणि तिचा पुकारा करायला सगळा चौक साक्षीदार होता.

म्हणून नगरपालिका आणि महानगरपालिका असल्या फलकांना परवाने देतील तेव्हा फलकाची उंची, रुंदी आणि भाडे ठरवून थांबू नये. फोनवर जे दाखविले जाईल त्याचा सर्वसाधारण मजकूर भिंतीवरही उघड्या डोळ्यांनी वाचता यावा, लोकांनी फोनवरून काही बदल केला तर तो भिंतीवर दिसावा, आणि त्याची नोंद कुणालाही पाहता यावी, एवढ्या तीन अटी परवान्यात घातल्या तरी पुरे आहे. त्या नव्याने शोधून काढाव्या लागत नाहीत. आठ मजली भिंतीवर त्या पाळून दाखविता येतात हे बर्लिनमधल्या स्वयंसेवकांनी १४४ दिव्यांवर सिद्ध केले आहे, आणि त्यांच्यापाशी तर ना परवान्याचे कलम होते, ना आजचे फोन.